दहा हजार लक्सचा दिवा: हिवाळ्यातल्या उदासीसाठी लाइट थेरपी लॅम्प घेण्याआधी

आधी निकाल सांगून टाकू. ऑक्टोबर संपता संपता ज्यांना दर वर्षी कितीही झोपलं तरी झोप पुरत नाही, सारखं गोड आणि पाव-भात खावंसं वाटतं, हातपाय जड होतात आणि मित्राचा फोन वाजला तरी उचलायचं जिवावर येतं, अशा इंग्लंड, जर्मनी, स्कॅन्डिनेव्हिया किंवा कॅनडातल्या मराठी माणसाने लाइट थेरपी लॅम्प, म्हणजे उपचारासाठीचा तीव्र पांढऱ्या उजेडाचा दिवा, घ्यावा. पैसे वसूल होतात. मात्र दिवा मोठ्या पडद्याचा (म्हणजे उजळणारा पृष्ठभाग मोठा असलेला) हवा, चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर हवा, सकाळी हवा आणि रोज हवा. यातली एक गोष्ट सुटली तरी उरतो तो टेबलावरचा एक पांढरा दिवा. आणि मित्रांपासून तुटल्यासारखं वाटतं, ते हा दिवा एकटा घालवत नाही. त्याची तजवीज वेगळी करावी लागते; ती दिव्याच्या त्याच अर्ध्या तासात कशी बसवता येते, तेही पुढे लिहिलं आहे.

पुण्यात २१ डिसेंबरचा दिवसही जवळजवळ ११ तासांचा असतो. लंडनमध्ये त्या दिवशी सूर्य सकाळी ८ नंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे पावणेआठ तासांच्या आसपास. स्टॉकहोममध्ये जेमतेम सहा तास. नोकरी करणारा माणूस अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परततो. मधले तास तो ज्या ऑफिसात काढतो, तिथे टेबलावर साधारण ५०० लक्स प्रकाश असतो (लक्स हे उजेडाचं माप). घरातल्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी ५० ते २०० लक्स. भारतातल्या लख्ख दुपारी उघड्यावर हाच आकडा १,००,००० च्या घरात जातो. डोळ्यांना आतला उजेड पुरेसा वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. पण शरीराचं घड्याळ लावणाऱ्या, डोळ्याच्या पडद्यातल्या वेगळ्या पेशींना तेवढ्यात सकाळ झाल्याचं नीट कळत नाही. या पेशी साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांना जागं करायला हवा तेवढा उजेड घरात आणणं, एवढंच या दिव्याचं काम.

हिवाळी नैराश्याचं, म्हणजे सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डरचं, पहिलं रीतसर वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८४ मध्ये केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. उन्हाच्या देशातून थंड देशात आलेल्या माणसाला हा फरक आधी जाणवावा, हे आपल्यालाही पटण्यासारखं आहे. २००६ मध्ये कॅनडात रेमंड लॅम यांच्या गटाने ९६ रुग्णांवर ८ आठवडे चाचणी केली. अर्ध्यांना १०,००० लक्सचा दिवा रोज ३० मिनिटं आणि बिनऔषधाची गोळी. उरलेल्यांना नैराश्यावरचं औषध फ्लुओक्सेटिन, २० मिलिग्रॅम, आणि मंद दिवा. दोन्ही गटांत ६७ टक्के लोकांना चांगला फरक पडला. सगळे मात्र इतके ठाम नाहीत. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं लाइट थेरपीचा पुरावा अनिश्चित मानतात. म्हणून दिवा हा रामबाण नाही. पण वाजवी किमतीत, फारशा दुष्परिणामांशिवाय, एक-दोन आठवड्यांत उत्तर देणारा उपाय म्हणून त्याची बाजू भक्कम आहे.

खोक्यावरचा आकडा आणि चेहऱ्यावरचा आकडा

खरेदीतली निम्म्याहून जास्त फसगत इथेच होते, म्हणून या भागावर जरा थांबू.

जवळपास प्रत्येक दिव्याच्या खोक्यावर ‘१०,००० लक्स’ छापलेलं असतं. प्रश्न आहे, किती अंतरावर? लक्स म्हणजे एखाद्या जागी पोहोचणारा उजेड. तो अंतराबरोबर झपाट्याने उतरतो, आणि पडदा जितका छोटा तितका जास्त झपाट्याने. बॉयररचा टीएल ३० हा युरोपात सहज मिळणारा टॅबलेटच्या आकाराचा दिवा १०,००० लक्स देतो तो साधारण १० सेंटीमीटरवर, म्हणजे नाकापासून वीतभरही नाही इतक्या जवळ. अमेरिका-कॅनडात मिळणारा कॅरेक्सचा डे-लाइट क्लासिक प्लस तोच आकडा १२ इंचांवर, म्हणजे ३० सेंटीमीटरवर देतो. कागदावर दोन्ही ‘दहा हजारी’, पण वापरायला दोन वेगळ्या वस्तू.

हिशेब करून पाहा. पडदा साधारण २० बाय १२ सेंटीमीटरचा असेल आणि १० सेंटीमीटरवर १०,००० लक्स मिळत असतील, तर २० सेंटीमीटरवर ३,७०० च्या आसपास उरतात, ३० वर १,८०० आणि ४० वर जेमतेम १,०००. लॅपटॉपच्या मागे ठेवलेला दिवा डोळ्यांपासून निदान ६० सेंटीमीटर लांब असतो. तिथे ५०० सुद्धा मिळत नाहीत. याउलट ३५ बाय ४० सेंटीमीटरचा पडदा ३० सेंटीमीटरवर १०,००० देत असेल, तर ४५ वर ५,४०० आणि ६० वर ३,३०० च्या जवळपास मिळतात. मोठ्या पडद्यासमोर माणूस मान हलवू शकतो, घास घेऊ शकतो, पान उलटू शकतो. प्रत्येक हालचालीला मात्रा कोसळत नाही. छोट्या दिव्यासमोर अर्धा तास १० सेंटीमीटरवर बसणं प्रत्यक्षात कुणालाच जमत नाही. आठवड्याभरात दिवा मागे सरकतो आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून कपाटात जातो.

मात्रेचं गणित सरळ आहे: १०,००० लक्स असतील तर ३० मिनिटं, ५,००० असतील तर एक तास, २,५०० असतील तर दोन तास. त्याखाली वेळ वाढवून भरपाई होईल असं धरून चालू नये.

दिवा घरी आला की मोजून घ्या. सकाळी बाहेर अंधार असताना खोलीतले बाकी दिवे बंद करा. नेहमी बसता तिथे बसा आणि फोन डोळ्यांच्या जागी, पडद्याची बाजू दिव्याकडे करून धरा. अँड्रॉइडवर लक्स मोजणारी ॲप फोनच्या पुढच्या प्रकाश-सेन्सरचा आकडा दाखवतात. आयफोनवर अशी ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात, तो जास्त ढोबळ असतो. दोन्हीकडे नेमका आकडा खरा धरू नका. २०, ३० आणि ४५ सेंटीमीटरवर मोजून उजेड किती उतरतो ते पाहा. खात्रीचा आकडा हवा असेल तर साधा डिजिटल लक्समीटर घ्या. तो दिव्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. मित्रमंडळींत एक असला तरी सगळ्यांना पुरतो. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत परत करण्याचा हक्क असतो. मोजणी त्या मुदतीत उरका आणि तोवर खोका फाडू नका.

दुकानात पाहायच्या बाकीच्या गोष्टी

उजेड पांढरा हवा, साधारण ४,००० ते ६,५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप). निव्वळ निळे दिवे टाळावेत. ते डोळ्यांना टोचतात आणि मोठ्या अभ्यासांपैकी बहुतेक पांढऱ्या प्रकाशावरचे आहेत. अतिनील किरण गाळलेले असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. युरोपात उपचाराचं साधन म्हणून विकल्या जाणाऱ्या दिव्यावर सीई खुणेच्या पुढे चार आकडी क्रमांक असतो, म्हणजे बाहेरच्या संस्थेने ते तपासलेलं असतं. नुसतं ‘सीई’ असेल आणि जाहिरातीत ‘मूड’, ‘एनर्जी’, ‘वेलनेस’ एवढंच लिहिलं असेल, तर तो सजावटीचा दिवा समजावा.

दिवा लुकलुकतो का (फ्लिकर) ते तपासायचं असेल तर फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने दिव्याचा व्हिडिओ घ्या. पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना ठळक दिसला, तर अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांनी तो दिवा घेऊ नये. पूर्ण उजेडावरही एकदा पाहा. काही दिवे उजेड कमी केल्यावरच लुकलुकतात.

दिवा दर वेळी सर्वांत मंद पायरीवर सुरू होतो की कालची पायरी लक्षात ठेवतो, हे विचारा. अर्धवट झोपेत पाच वेळा बटण दाबायचं माणूस विसरतो आणि महिनाभर अर्ध्याच उजेडात बसतो. स्टँड पक्का हवा. वायर दीड मीटरच्या आसपास असते, म्हणून जेवणाच्या टेबलाजवळ प्लग आहे का ते आधी बघून ठेवा. अमेरिकेतून युरोपात बदली होऊन येणाऱ्यांनी ॲडॅप्टरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलंय ना ते पाहावं. फक्त १२० व्होल्टचा दिवा इथल्या २३० व्होल्टवर लावला की तो तिथेच संपतो.

छोटे दिवे साधारण ४० ते ६० युरोंना मिळतात, मोठ्या पडद्याचे १०० ते २०० युरोंना. आमचं मत स्पष्ट आहे: बजेट कमी असेल तर नवा छोटा घेण्यापेक्षा वापरलेला मोठा एलईडी दिवा घ्यावा. वापरलेला दिवा ट्यूबचा असेल तर मात्र नव्या ट्यूबचा खर्च धरा, कारण जुन्या ट्यूबचा उजेड मंदावलेला असतो.

कसा वापरायचा

उठल्यापासून तासाभराच्या आत बसायचं. दिव्याची वरची कड डोळ्यांच्या थोडी वर आणि पडदा किंचित खाली झुकलेला. वरून येणारा प्रकाश डोळ्यातल्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो, आणि घड्याळ लावण्याच्या कामी तो भाग जास्त उपयोगी असतो. उंची कमी पडत असेल तर दिव्याखाली जुन्या दिवाळी अंकांची चळत ठेवा, पुरते. दिवा नाकासमोर न ठेवता ३० ते ४५ अंश बाजूला ठेवावा. त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही, पण डोळे उघडे हवेत आणि चेहरा त्या बाजूला हवा.

इथे एक नेहमीची चूक होते. माणूस दिव्यासमोर बसतो आणि मान खाली घालून अर्धा तास फोन सरकवत राहतो. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर मांडीकडे. डोळ्यांत उजेड जातो तो निम्माही नसतो. त्या वेळात चहा-पोहे घ्या, समोर उभं करून ठेवलेलं काही वाचा, किंवा फोनवर बोला, फोन कानाला लावून किंवा स्पीकरवर ठेवून. या बोलण्याकडे पुढे पुन्हा येऊ.

साधा चष्मा चालतो. उन्हात काळा होणारा चष्माही चालतो, कारण तो मुख्यतः अतिनील किरणांनी काळा होतो आणि ते इथे गाळलेले असतात. कायम रंगीत काचेचा चष्मा काढून ठेवावा.

पहिले तीन दिवस १५ मिनिटं, मग २०, आठवड्याअखेर ३०. डोकं दुखलं, डोळे जळजळले किंवा किंचित मळमळलं तर दिवा १० सेंटीमीटर मागे घ्या किंवा वेळ कमी करा. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत ओसरतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळ थोडी हलकी वाटू लागते, मूडमधला फरक कळायला एक ते दोन आठवडे लागतात. तीन आठवडे रोज नीट वापरूनही काहीच फरक नसेल तर मिनिटं वाढवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

वेळ चुकली तर दिवा उलटा पडतो. संध्याकाळी सातनंतर लावला तर झोप उडते आणि दुसरी सकाळ आणखी जड जाते. दुसऱ्या टोकाला, ज्याची नैसर्गिक जाग आठची आहे त्याने उत्साहाने पहाटे पाचलाच सुरुवात केली, तर शरीराची रात्र अजून संपलेली नसते आणि घड्याळ पुढे येण्याऐवजी मागेही सरकू शकतं. आधी नेहमीच्या जागेच्या वेळी बसा. लवकर उठायचं असेल तर दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे या. दिवा लावूनही पहाटे चारला टक्क जाग येऊ लागली, तर वेळ उशिराची करा.

शनिवार-रविवारी सुट्टी घ्यायची नाही. दिवा बंद केला की काही दिवसांतच जुनी लक्षणं परत येऊ लागतात.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी लावू नये

बायपोलर आजार असलेल्यांनी, किंवा घरात तो असलेल्यांनी, मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय दिवा लावू नये. सकाळच्या तीव्र प्रकाशाने उन्माद उसळू शकतो. झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलणं भराभर, खर्च सैल, अशी चिन्हं दिसली की दिवा त्याच दिवशी बंद.

मधुमेह आपल्याकडे घराघरात आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला असेल, किंवा मॅक्युलाचा (पडद्याच्या मधल्या भागाचा) अथवा पडद्याचा दुसरा कुठला आजार असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. काही औषधांनी डोळे किंवा त्वचा प्रकाशाला जास्त हळवी होते: लिथियम, डॉक्सिसायक्लिन, मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, अमिओडॅरोन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. जर्मनीत औषधांच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारं योहानिसक्राउट, म्हणजेच सेंट जॉन्स वर्ट, हेही त्यातलंच. ते नैराश्याच्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांच्याही आड येतं. दिव्यासोबत ते परस्पर सुरू करू नका.

दिवा मागवण्याआधी किंवा मागवल्यावर लगेच एक रक्ततपासणी करून घ्यावी: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी१२. आपल्यातल्या शाकाहारी लोकांत बी१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. तिचा थकवा आणि हिवाळ्याचा थकवा बाहेरून सारखेच दिसतात, आणि बी१२ कितीही लक्सने वाढत नाही.

ड जीवनसत्त्वाचंही तेच. अतिनील किरण गाळल्यामुळे हा दिवा ते तयार करत नाही. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात सगळ्यांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू, घेण्याचा सरकारी सल्ला आहे; गडद त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असंही सांगितलं जातं. हाडांसाठी ते जरूर घ्या. उदासी त्याने जाईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलंच बरं, असे विचार येत असतील तर दिव्याच्या निकालाची वाट पाहायची नाही. ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, जर्मनीत ०८०० १११ ० १११, अमेरिका आणि कॅनडात ९८८, भारतात टेली-मानसचा १४४१६. टेली-मानसवर मराठीतून बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर थेट तिथली आपत्कालीन सेवा.

दिव्याचे दोन भाऊबंद

वेक-अप लाइट म्हणजे गजराआधी अर्धा तास हळूहळू उजळत जाणारा दिवा. फिलिप्सचा एचएफ३५२० जास्तीत जास्त ३०० लक्सपर्यंत जातो आणि पहाट २० ते ४० मिनिटांत उजळवतो. हा उपचाराच्या दिव्याची जागा घेत नाही. पण ज्यांचं मुख्य दुखणं ‘अंथरुणातून उठवत नाही’ हेच आहे, त्यांना मोठ्या दिव्यापर्यंत चालत नेण्याचं काम तो छान करतो. तो उशीपासून ४०-५० सेंटीमीटरवर, चेहऱ्याच्या पातळीला हवा. पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

प्रकाशाचे चष्मे, उदाहरणार्थ बेल्जियममध्ये तयार होणारा ल्युमिनेट ३, डोळ्यांच्या वरून निळसर प्रकाश टाकतात; त्याची सर्वांत तीव्र पायरी १,५०० लक्सची. डोळ्यांच्या इतक्या जवळ आणि निळसर असल्याने कमी आकडा चालतो, असा त्यामागचा विचार. लहान मुलं घरात असतील आणि एका जागी बसणंच अशक्य असेल, तर हा पर्याय खरा आहे. किंमत जास्त, आणि पाठीशी असलेला अभ्यास मोठ्या पांढऱ्या दिव्यांपेक्षा बराच कमी. पहिली खरेदी म्हणून आम्ही तो सुचवणार नाही.

मित्रांपासून लांब गेल्यासारखं वाटतं, त्याचं काय

हिवाळी नैराश्यात माणूस लोकांतून अंग काढून घेतो. हे आजाराचंच एक लक्षण आहे, मैत्री आटल्याची खूण नाही. अडचण अशी की दिव्याने अंगातली ताकद परत आली, तरी नोव्हेंबरपासून मोडलेल्या सवयी आपोआप जुळत नाहीत. तीनदा नाही म्हटलेल्या मित्राने चौथ्यांदा विचारलेलं नसतं.

अमेरिकेत व्हर्मॉन्ट विद्यापीठात केली रोहन यांनी १७७ जणांवर केलेला अभ्यास इथे बोलका आहे. अर्ध्यांना दिवा, अर्ध्यांना हिवाळ्यासाठी खास बेतलेली सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत), आठवड्याला दोन बैठका, सहा आठवडे. त्या हिवाळ्यात दोन्ही सारखेच उपयोगी पडले. दोन हिवाळ्यांनंतर मात्र दिव्याच्या गटातल्या ४५.६ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा आलं होतं, सीबीटीच्या गटात २७.३ टक्के लोकांना. सीबीटीत नेमकं हेच शिकवलं जातं: उत्साह येण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट करायची, लोकांत जायचं, आणि ‘मी गेलो नाही तरी कुणाला काय फरक पडतो’ या विचाराला तपासून पाहायचं. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी समुपदेशन सेवेकडे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं.

आता घड्याळ पाहा, कारण निम्मा घोळ तिथे आहे. भारताचं घड्याळ बदलत नाही, युरोपचं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं. उन्हाळ्यात लंडनहून संध्याकाळी सातला फोन केला तर पुण्यात रात्रीचे साडेअकरा असतात, जागा असलेला मित्र उचलतो. घड्याळ बदललं की त्याच सातला तिथे साडेबारा. बर्लिनहून साडेदहाचे साडेअकरा होतात. कुणी काही न ठरवता संध्याकाळचा फोन त्या आठवड्यात बंद पडतो, आणि हिवाळा सुरू होतो तोही त्याच आठवड्यात.

उपाय दिव्यातच आहे. सकाळी सातला तुम्ही अर्धा तास एका जागी बसणारच आहात. लंडनमध्ये सात म्हणजे पुण्यात दुपारचे साडेबारा, डबा उघडायची वेळ. जर्मनी किंवा स्वीडनमध्ये सात म्हणजे तिथे साडेअकरा, म्हणून शक्य असेल तर फोन साडेसातनंतर. टोरोंटोत सात म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. आठवड्यात एक वार एका माणसाला द्या. निरोप असा नेमका लिहा: ‘मंगळवारी तुझ्या साडेबाराला वीस मिनिटं फोन करू का? मी दिव्यासमोर बसलेलो असतो.’ ‘बोलू एकदा निवांत’ या निरोपाला हिवाळ्यात फोन लागत नाही. व्हिडिओ नको, मान खाली जाते, आणि आपला सुजलेला चेहरा पाहत बोलायला कुणालाच आवडत नाही. वीस मिनिटं झाली की ठेवा. तासभर बोलावं लागणार असं वाटलं की पुढचा मंगळवार टळतो.

ज्या सकाळी बोलवत नाही, त्या सकाळी फोन रद्द न करता पाच मिनिटांचा करा आणि ‘आज ऐकतो फक्त, तू बोल’ असं सांगा. जुन्या मित्राला हे चालतं. मित्र परदेशात असेल आणि तुम्ही पुण्या-मुंबईत हे वाचत असाल, तर त्याच्या डिसेंबरातल्या गप्प बसण्याचा राग धरू नका. त्याची सकाळ कधी असते ते मोजा आणि तुम्हीच फोन करा.

गावातल्या मित्रांना संध्याकाळी भेटायचं ठरवू नका. चारला अंधार पडल्यावर पायमोजे पुन्हा चढवून बाहेर पडणं उदास माणसाला डोंगराएवढं वाटतं, आणि आयत्या वेळी नकार देण्याची लाज त्याला आणखी आत ढकलते. शनिवारी अकरा ते एक, बागेत किंवा नदीकाठी चालायला भेटा. ढगाळ दिवशीही बाहेर १,००० ते काही हजार लक्स असतात, घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त. बाझेलमध्ये ॲना विर्झ-जस्टिस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सकाळी तासभर बाहेर चालल्याने हिवाळी नैराश्यात फरक पडलेला दिसला. थर्मासमधला चहा, कानटोपी, पाणी न शिरणारे बूट, आणि भेटीची जागा दोघांनाही एका बसने गाठता येईल अशी. पाऊस असेल तर काचेच्या छताची बाग किंवा संग्रहालय, पण वेळ तीच.

मंडळांनाही एक सूचना. परदेशातली मराठी मंडळं गणपती आणि दिवाळीला भरभरून जमतात आणि मग थेट संक्रांतीच्या तिळगुळाला. म्हणजे वर्षातले सर्वांत अंधारे आठवडे मोकळे जातात. दिवाळीच्या फराळालाच डिसेंबरातल्या तीन शनिवारांची दुपार ठरवून टाका: एकीकडे थालीपीठ, एकीकडे चालणं, एकीकडे मुलांसाठी कॅरम. भाषण, पाहुणे, तिकीट काही नको. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना गटात सामाईक निमंत्रण टाकू नका, नाव घेऊन वेगळा फोन करा. पहिला हिवाळा त्यांना अनोळखी असतो, आणि आपल्याला होतंय ते काय, हे त्यांना माहीतच नसतं.

कधी थांबायचं, कधी सुरू करायचं

मार्चमध्ये तुम्ही उठायच्या आधी बाहेर लख्ख उजाडलेलं असू लागलं, की दिवा २० मिनिटांवर आणा, मग १० वर, मग बंद करा आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी किंवा बाल्कनीत बसा. मार्चअखेर युरोपचं घड्याळ पुढे जातं तेव्हा सकाळ पुन्हा एक तास अंधारी होते. त्या आठवड्यात जडपणा परतला तर दहा-बारा दिवस दिवा पुन्हा लावा. दिवा पुसून, ॲडॅप्टर त्याच्याच खोक्यात घालून ठेवा. जास्त करून हरवतो तो ॲडॅप्टरच. पुढच्या वर्षीची सुरुवात कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका: यंदा पहिल्यांदा अंथरुणातून उठणं जड गेलं त्या तारखेच्या दोन आठवडे आधी. बहुतेकांसाठी ती ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येते. तिच्याच खाली मंगळवारच्या मित्राचं नाव लिहून ठेवा.